डाव्या अंगाला

"चटणी तेवढी बाजूला ठेवली. बघ गं, मुद्दाम." कस्तुराबाईनं ताट पलीकडं उभ्या असलेल्या नर्सपुढं धरलं, पंचांपुढं पुरावा धरावा तसं.

उजवीकडची भाजी नवऱ्यानं चाटूनपुसून खाल्ली होती. डावीकडची कोशिंबीर, लिंबाची फोड आणि दह्यात कालवलेली कारळ्याची चटणी जशीच्या तशी. भातसुद्धा मधोमध कापल्यागत अर्धाच गेलेला. डावा हात-पाय गेला, ते देवानं केलं. पण महादेवपुऱ्यातल्या लेकाच्या घरून बस बदलत आणलेल्या चटणीला बोट लावायचं नाही, हे यांचं यांनी केलं.

"बोलायचं नसेल तर नका बोलू," ती खाटेच्या डावीकडच्या स्टुलावरून म्हणाली. "पण तोंड फिरवू नका. बेंगळूरला मीच आणलं, घाला शिव्या."

बसवंतरावांनी मान हलवली ती उलट्या अंगाला, दाराकडं. "आली वाटतं," दाराला म्हणाले. "कुठाय?"

"बघितलंस? सोंग!"

शिवलीला नर्स विजापूरकडची, मराठी घरचीच असल्यागत बोलायची. तिनं ताट बघितलं, दार बघितलं. मग ताट त्यांच्यापुढं ठेवून गोल फिरवलं, डावीकडचं उजवीकडं आणलं.

म्हाताऱ्याचा चमचा सरळ चटणीत गेला. "आत्ता वाढली होय? बरी झालीय. तिला सांग."



"राग नाही हा, अक्का," शिवलीला म्हणाली. "डोळे चांगलेत. पण झटका मेंदूला बसलाय ना, त्यात अज्जांचं डावीकडचं जगच गेलंय. ताटाची बाजू, तुम्ही, त्यांचा स्वतःचा हात. ते आहे, हेच त्यांना ठाऊक नाही."

"म्हणजे उजवीकडं बसले तर दिसेन?"

"लगेच."

कस्तुराबाई स्टूल घेऊन उठलीसुद्धा. पदर सारखा केला, केसांवरून हात फिरवला.

"स्वल्प थांबा. जेवण, औषध तिकडूनच द्या. पण सगळेच तिकडं बसले, तर ते इकडं बघायला शिकणार कधी? इकडून कुणीतरी हात चोळायला पाहिजे, हाका मारायला पाहिजे. वळतील हळूहळू. कधी, ते सांगता येत नाही."

"मग लेकाला बसव."

"कंपनीचा पेजर वाजला की तो पळतो. आणि तुमच्यासारखा आवाज त्याला कुठाय?"

कस्तुराबाई खाटेच्या पायथ्याशी स्टूल धरून उभी राहिली. उजवीकडं केवढी तरी जागा होती.

"गेली काय ती?" बसवंतराव दाराला विचारत होते.

तिनं स्टूल पुन्हा डावीकडंच आपटलं. त्यांचा गार हात मांडीवर घेतला आणि चोळायला लागली.

"जाते कुठं! इकडं बघा, भांडायचंय."

मान दारावरून सुटली. हळूहळू खाटेच्या पायथ्यापर्यंत आली आणि तिथंच अडली. कस्तुराबाई जरा पुढं वाकली असती, तर तिचं तोंड त्यांना दिसलं असतं.

ती वाकली नाही.

"आणखी," ती म्हणाली. "आणखी थोडं."