उजवा खिसा

"मोटर गेली असणार," फोन काउंटरच्या काचेवर ठेवता ठेवता ड्रायव्हरकाकांनी सांगून टाकलं. "थरथरतच नाही. साडेतीनला शाळा सुटते, त्याच्या आत काहीतरी करा, ताई."

दुकान म्हणजे जिन्याखालची खोपटी. फोन दुरुस्त करणाऱ्या बाईने डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलं आणि घड्याळ पाहिलं. तीन वाजायला पाच मिनिटं होती. रोगाचं निदान तुम्हीच केलंत तर आता ऑपरेशनही उरकून घ्या, असं म्हणत तिने फोन उचलला.

काकांना हसू आलं नाही. शाळेच्या बसचा नियम कडक होता. मुलं गाडीत असली की फोन मुका करून खिशात ठेवायचा. थरथरला की गाडी बाजूला घेऊन मग उचलायचा. आज सकाळी शाळेतून तीन फोन येऊन गेले आणि काकांना एकाचाही पत्ता नव्हता. एक चिमुरडी थांब्यावर एकटी रडत राहिली होती. मुख्याध्यापिकाबाईंनी सगळ्यांदेखत झापलं ते झापलंच, वर शांतपणे बजावलं की पुन्हा एक फोन चुकला तर उद्यापासून गाडी दुसरा चालवेल. बावीस वर्षं झाली होती त्या गाडीवर. आता ती समोर रस्त्याच्या कडेला उभी होती, सकाळीच पुसलेली.

बाईने बॅटरी वाचवायची सोय तपासली. बंदच होती. थरथरीचा जोर पाहिला, तो शेवटपर्यंत चढवलेला होता. फोन बंद करून पुन्हा चालू केला. मग बारीक स्क्रूड्रायव्हर हातात घेतला, पण उघडण्याआधी एकदा स्वतःच्या फोनवरून काकांचा नंबर लावून बघितला.

काचेवरचा फोन गुरगुरला आणि मुंगळ्यासारखा सरकत कडेपर्यंत आला. काकांनी तो वरच्या वर झेलला.

"हा तर पळतोय," बाई म्हणाली.

"तुमच्याकडे पळतो. माझ्याकडे गप्प असतो."

सासरी ठणठणीत आणि माहेरी आजारी, असला पेशंट मी पहिल्यांदाच बघते, असं म्हणून तिने फोन नेहमीसारखा खिशात ठेवायला सांगितला. काकांनी तो उजव्या खिशात सरकवला आणि दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"लावा ना," काका म्हणाले.

"लावलाय."

काकांनी खाली पाहिलं. पँटचं कापड मांडीवर थरथरत होतं.

तिने तो डाव्या खिशात ठेवायला लावला. या खेपेला काका चिमटा बसल्यासारखे दचकले. मग त्यांनी घाईघाईने समजावलं की उजव्या खिशाचं अस्तर जाड आहे, शिंप्याला कितीदा सांगितलं. बाई ऐकत होती, पण आता तिच्या चेहऱ्यावर थट्टा उरली नव्हती. संशय आला की तोच भाग दुसऱ्या जागी लावून बघायचा, हा तिच्या कामातला रोजचा शिरस्ता. डावीकडे चालला, म्हणजे फोन संशयातून सुटला होता.

"बूट काढा, काका. उजवा."

कशाला, म्हणत त्यांनी काढला. मोजाही काढला. तिने त्यांचा पाय स्टुलावर घेतला, डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाली की फोन पायाला लागला की बोलायचं, कुठे लागला तेही सांगायचं.

काका डोळे मिटून बसले. गुरगुर ऐकू येत होती. वर जिन्यावरून कोणीतरी खाली उतरत गेलं. गुरगुर थांबली, पुन्हा सुरू झाली. घड्याळाचा काटा कानात वाजू लागला. काकांनी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

"लागला," ते म्हणाले.

"कुठे?"

"अंगठ्याला. बारीक आहे, पण लागतंय."

त्यांनी डोळे उघडले. फोन बाईच्या हातात थरथरत होता, पायापासून चांगला हातभर लांब.

तिने तो बंद केला. मग, कोणी न विचारताच, काका म्हणाले, "महिना झाला. ब्रेक दाबताना मी खाली बघतो. पाय आहे ना तिथे, ते बघायला."

गाडीत मुलं किती असतात, तिने विचारलं. बत्तीस, काका म्हणाले. आपल्याला फोनमधलं कळतं, पायातलं नाही, डॉक्टरला दाखवा, असं तिने खाली मान घालून सांगितलं आणि भिंग पुन्हा डोळ्यावर ओढलं.

काकांनी मोजा चढवला, बुटाची नाडी बांधली. मनासारखा गोडबोल्या वकील दुसरा नाही; तो लगेच उभा राहिला. रस्ता पायाखालचा आहे. जेमतेम चार किलोमीटर. आजचा दिवस जाऊ दे, उद्या डॉक्टर. काका त्याचं सगळं ऐकत उंबऱ्यापर्यंत गेले. समोरची गाडी बघत थोडा वेळ उभे राहिले. मग तिथूनच त्यांनी शाळेला फोन लावला.

गाडी बिघडली का, मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं.

"गाडीला काही झालेलं नाही, बाई," काका म्हणाले. "चालवायला माणूस पाठवा. लवकर."

ते परत आत आले. गाडीची किल्ली काढून त्यांनी काचेवर ठेवली आणि बोटाने ढकलत ढकलत पार तिच्या बाजूला नेली.

"माणूस येईल, त्याला द्या," ते म्हणाले. "मी मागितली तरी मला देऊ नका."