तिसरं मत

“हे साफ रचलेलं आहे,” मेल्बा पडद्यावरून म्हणाली. “आई घरात शवपेटीत निजलेली, आठवडाभर मयताचं जागरण चाललेलं, आणि पोटची मुलगी फिरकतसुद्धा नाही? अहो, आपल्या पनाय बेटावर वैरीदेखील जागरणाला येऊन कॉफी पिऊन जातो!”

ऑरिंग लेख पुन्हा वाचल्यासारखं करत राहिली. लिहिणारा कोण, ते तिने पहिल्या ओळीलाच ओळखलं होतं.

काम तिघांचं होतं. मतं छापणाऱ्या, इंटरनेटवरच्या बातमीस्थळांची पारख करायची. मजकूर कुणाकडे झुकतो ते एक, त्यात खरं किती ते दुसरं, आणि दोहोंची गल्लत करायची नाही. म्हणून पारखणाऱ्यांत एक मेयरच्या बाजूचा, एक विरुद्ध बाजूचा आणि एक मधला. लेखकाचं नाव आधीच काळं करून येई. जोव्हेन मेयरचा माणूस, मेल्बा मधली, आणि ऑरिंग विरुद्ध बाजूची. तीही अशीतशी नाही; वर्षानुवर्षं रेडिओवरून तिने मेयरचे वाभाडे काढले होते.

नाव काळं केलं म्हणून काय झालं? ‘कॉफीत भात कालवता कालवता मांजराला शिव्या घालणारी आमची आई’ असं लिहिणारा जगात एकच. तिचा धाकटा भाऊ, नोनोय.

“रचलेलं कसं?” जोव्हेन तडकला. “लेखासोबत साक्षीदारांचे नंबर आलेत, त्या दोघांना मी फोन केलेत. जपमाळेची प्रार्थना सांगायला येणारी बाई आणि शेजारी. दोघंही म्हणतात, थोरली आलीच नाही. राजकारणापायी आईला विसरली.”

“विसरली हे झालं मत. ते सोड. आली की नाही, एवढंच तपासायचं. आणि ती माणसं तुझ्याच बाजूची असणार!”

“बरं बाई, मग मुडदाच उठवून विचारतो!”

“शी! काय बोलतोस!” मेल्बाने कपाळावर क्रूस काढला. “मानांग, तुम्ही बोला. तुमच्या मतावर आहे सगळं. या स्थळाच्या दोन थापा आधीच पकडल्यात आपण. ही तिसरी धरली की ‘अविश्वसनीय’ असा शेरा बसतो. मग जाहिराती बंद, दुकान बंद.”

मानांग म्हणजे ताई. सगळं कार्यालय तिला ताई म्हणायचं. गेल्या निवडणुकीत मेयरकडे गेलेल्या सख्ख्या भावाने मात्र तेव्हापासून तिला ही हाक मारली नव्हती. आई गेल्याचं तिने कार्यालयात कुणालाच सांगितलं नव्हतं.

आणि त्याने लिहिलं होतं ते खोटंच होतं. ती गेली होती. भर दुपारी, एकटी, हातात मेणबत्त्यांचा पुडा घेऊन. अंगणात मेयरने पाठवलेला मांडव, त्याच्या कापडावर मेयरचाच हसरा चेहरा. खाली नोनोय चार जणांत पत्ते कुटत बसलेला. जागरणात कुटतातच. त्यातला एक म्हणाला, “थोरलीने येऊन दाखवावं! बसावं लागेल मेयरच्या सावलीत!” सगळे खदखदले. नोनोयही हसला.

कुणी पाहायच्या आत ती फाटकातूनच मागे फिरली. जागरणाहून थेट घरी जायचं नसतं, गेलेलं माणूस पाठोपाठ येतं म्हणतात. म्हणून वाटेत बेकरीत थांबून तिने एकटीने कॉफी घेतली. आत पाऊलही टाकलं नाही आणि नेम तेवढा पाळला, याचं तिचं तिलाच हसू आलं. मग रडू आलं, ते आवरेना. आईचा चेहरा बघायचा राहिला तो राहिलाच.

“एक विचारू?” ऑरिंग म्हणाली. “समजा, ती फाटकापर्यंत आली आणि परत गेली. तर?”

“कुणी पाहिलं?” जोव्हेनने विचारलं.

“समजा, नाही पाहिलं.”

“मग नाही आली! दोन साक्षी नसतील तर धरायचं नाही, हे तुम्हीच आमच्या डोक्यात भरवलंत की, मानांग. आता फाटकाची साक्ष काढू?”

‘खोटं’ हा शब्द ऑरिंगच्या अगदी जिभेवर आला. तो उच्चारला असता तर तिच्या बाजूच्या लोकांनी तिला डोक्यावर घेतलं असतं. पण सांगणारी ती एकटी. आणि एकट्यादुकट्याच्या सांगण्यावर तिने आजवर कुणाचं काहीच खरं धरलं नव्हतं.

“माझं मत धरू नका,” ती म्हणाली. “लिहिणारा माझा भाऊ आहे.”

जोव्हेनने उगाचच चष्मा काढून पुसला.

“म्हणजे ती बहीण...” मेल्बा पडद्याकडे वाकली.

“साक्षी दोन आहेत. नियमाने जे येतं ते लिहा.”

जोव्हेनने मान खाली घालून ‘खरं’ लिहिलं. मेल्बाने अजून काही लिहिलं नव्हतं. तिचा आवाज अगदी खाली आला.

“मानांग, तुम्ही गेला होतात ना?”

ऑरिंगने डोळे टिपले.

“कुणी पाहिलं नाही,” ती म्हणाली.