आयर्विंगचा ठसा

रॉचेस्टरच्या त्या प्रयोगशाळेत डोकं हलू नये म्हणून प्रत्येकजण आपापल्या दातांचा मेणाचा ठसा तोंडात धरून डोळ्याच्या आतलं दाखवणाऱ्या यंत्रापुढे बसे. लॉर्नानं घाईत खुंटीवरून चुकून आयर्विंगचा ठसा उचलला. दातांत इतका चपखल बसला, की तिला कळलंही नाही.

पडद्यावर तिच्या डोळ्यातल्या रंग टिपणाऱ्या पेशी उमटल्या. लाल, हिरव्या, मधूनच एखादी निळी. त्यांची मांडणी दोन माणसांत कधीच सारखी नसते.

"आयर्विंगच्या डोळ्याचा जुना फोटो कशाला लावलास गं?" शेजारी बसलेला वेंडेल भडकला. "परवाच पुरून आलो ना त्याला? लाज नाही वाटत?"

बोलता येईना, म्हणून लॉर्नानं डोळा मिटून दाखवला.

पडदा काळा झाला.

"आयर्विंग?" वेंडेलनं दबकत हाक मारली.

लॉर्नाच्या तोंडून ओ गेली.