वेगळं वाढलेलं ताट

“व्रत धरलंस ना, मग बोलून दाखवू नकोस कुणाला,” आई सांगायची. जयमालाला ते आत्ता आठवलं, कारण समोरच्या आमटीत मीठ नव्हतं.

तिने भाजी चाखली. भाजीतही नव्हतं. कोशिंबिरीतही नाही.

“आमटी झकास आहे हं,” शेजारची मनाली म्हणाली. ती जयमालाच्याच संस्थेची वकील. “फक्त मीठ जरा सढळ पडलंय.”

जयमालाने घास गिळला. आज नुसत्या दहीभातावर भागवायचं असं ठरवूनच ती आली होती.

कोपरखैरण्याच्या त्या हॉलमध्ये मानवी हक्कांवरचं शिबिर होतं. संस्थेची माणसं आणि लष्कराचे अधिकारी पहिल्यांदाच एका पंक्तीला बसले होते. जेवण लष्कराकडून.

“जयमालाताई, दिवस कसे फिरतात बघा!” संस्थेचे प्रमुख नंदकुमार समोरून म्हणाले. “आपण यांच्या गेटवर घोषणा द्यायचो, आणि हे आपल्याला बासुंदी वाढतायत.”

“घोषणांनी घसा सुकतो, सर. घ्या अजून,” त्यांच्या शेजारचे कर्नलसाहेब म्हणाले. सगळे हसले. मग ते जयमालाकडे वळले. आवाज अगदी मऊ. “ताई, तुमचं बरोबर झालंय ना? मुद्दाम वेगळं करायला सांगितलं होतं.”

“झालंय,” ती म्हणाली.

दुपारचं ती अळणी खाते, हे तिने एकाच माणसाला सांगितलं होतं. साबिराला. साबिराचा नवरा युसुफ लष्कराच्या डेपोत ट्रक चालवायचा. चौकशीला म्हणून त्याला आत बोलावलं, तो बाहेर आलाच नाही. सोमवारी साबिरा कोर्टात साक्षीला उभी राहणार होती. तोवर संस्थेने तिला घणसोली गावात खोली घेऊन दिली होती, कुणाला कळू न देता. तिथेच साबिराने एकदा ताट वाढलं, तेव्हा जयमाला हळूच बोलून गेली होती, “मला बिनमिठाचं वाढ गं. युसुफ घरी येईपर्यंत माझं असंच.” खोलीत दोघीच होत्या. दार बंद होतं.

दोघीच, आणि दारावर आतून बसवलेला तो छोटा कॅमेरा.

हात धुताना तिने नंदकुमारांना गाठलं.

“साबिराच्या खोलीतला कॅमेरा कोण बघतं?”

“अहो, तिच्याच सेफ्टीसाठी आहे तो.”

“बघतं कोण?”

“या लष्कराच्या मंडळींनीच सिस्टीम बसवून दिली. एक पैसा घेतला नाही.” ते रुमालाला हात पुसत राहिले. “टेन्शन कशाला घेता, ताई? दुश्मन आहेत का ते आपले? उलट त्यांच्या नजरेखाली आहे म्हटल्यावर तिला कोण हात लावणार?”

जयमाला बाजूला झाली. तिने साबिराला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला. पलीकडे पंख्याची घरघर होती आणि कुणीतरी शांतपणे श्वास घेत होतं.

“साबिरा?”

फोन ठेवला गेला.

हॉलमध्ये दुपारचं सत्र सुरू झालं. माइकवर कुणीतरी ‘परस्पर विश्वास’ म्हणालं. टाळ्या वाजल्या. जयमालाने चपला घातल्या. खोलीत पहिल्या दिवशी साबिराने तिचा हात धरून विचारलं होतं, “ताई, काय झालं तर तुमी येशाल ना?” ती म्हणाली होती, “येईन.”

गेटवरच्या जवानाने ती पोचायच्या आतच फाटक उघडलं. सलाम केला.

“घणसोली ना, मॅडम? रिक्षा बोलावली आहे.”

रिक्षा उभी होती. चालकाने मागे वळून पाहिलं नाही. मीटर आधीच पडलेला होता.

“नको. मी चालत जाईन,” जयमाला म्हणाली.

तिने डोक्यावरून पदर घेतला आणि उन्हात घणसोलीच्या रस्त्याला लागली. मागे रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला. ती पुढे निघून गेली नाही. जयमालाच्या पावलांच्या वेगाने मागून येत राहिली.