श्रीहरीभाऊंचं नाक

केसरबाईंनी शेगडीसाठी काडी ओढायला हात उचलला आणि तसाच थांबवला.

“पेट्रोलचा वास येऊन राह्यला,” त्या म्हणाल्या.

श्रीहरीभाऊ गाडीतल्या दिवाणावरून उठले. पुढची सीट उचलली. तिच्याखालीच इंजिन. ते वाकले, डोळे मिटून लांब श्वास घेतला आणि म्हणाले, “काईच नाई. पेटव तू. चहा पायजे.”

सिंदेवाहीहून निघाल्यापासून हे तिसऱ्यांदा चाललं होतं. मूलला तेच, गोंडपिपरीला तेच. आता आष्टीच्या पुढे, मोहाच्या झाडाखाली गाडी लावली होती, तरी तेच. बाईंना वास यायचा, भाऊ हुंगायचे, आणि नाही म्हणायचे.

आणि भाऊंच्या नाकापुढे बोलायची सोय नव्हती. भात संशोधन केंद्रात त्यांची उभी हयात गेली. मूठभर तांदूळ नाकाशी धरून वाण सांगायचे. लोक अजूनही पुडीत तांदूळ बांधून घरी यायचे. भाऊ हसून म्हणायचे, “मी रिटायर झालो, नाक बी रिटायर झालं,” आणि चहा पाजून परत पाठवायचे. लोकांना वाटायचं, माणूस भाव खातो.

रिटायर झाल्यावर त्यांनी ही जुनी पेट्रोल व्हॅन घेतली. आत दिवाण बसवला, शेगडी बसवली, बाईंच्या जुन्या साड्यांचे पडदे लावले. इंजिनाचं कामही स्वतःच केलं. पेट्रोल गाळून येताना दिसावं म्हणून पारदर्शक प्लास्टिकचा फिल्टर आणला आणि थेट इंजिनाच्या डोक्यावर टांगला. पाइपाची क्लिप सापडेना, तेव्हा सांधा सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने करकचून बांधला. आपल्याकडे सायकलच्या ट्यूबने बांधलं नाही असं काय आहे?

बाईंना फिरायची हौस मुळीच नव्हती. त्यांनी एकच फेरी कबूल केली होती, अहेरीला, लेकीकडे. ती बिनाकटकटीची झाली तर गाडी ठेवायची, नाहीतर लच्छू भंगारवाल्याला द्यायची. लच्छू दोनदा गाडीभोवती फिरून टायर दाबून गेला होता. तो आला की भाऊ जेवत नसत.

म्हणूनच बाईंना आता खात्री पटली. गाडी वाचवायला हा माणूस धडधडीत खोटं बोलतो आहे. त्यांना राग आला. काडेपेटी कमरेला खोचून त्या खाली उतरल्या आणि नवऱ्यालाही खाली बोलावलं.

“तुमी झाडाखाली बसा.”

त्यांनी झाडाखालची चार मोहफुलं वेचून पदरात घेतली. भाऊंनी ती पाहिली. मग बाई गाडीकडे गेल्या, सीट उचलली आणि फिल्टरला फडकं लावलं. फडकं ओलंचिंब झालं. ट्यूबची पट्टी फुगून लिबलिबीत झाली होती आणि थेंब सरळ गरम इंजिनावर पडत होता. ती काडी ओढली असती तर!

फडकं पाठीमागे लपवून त्या नवऱ्यापुढे उभ्या राहिल्या.

“डोळे मिटा. हे कायचं आहे, सांगा.”

फडकं नाकाशी धरलं. आता पकडलाच चोर, असं त्यांच्या मनात होतं.

भाऊंनी लांब श्वास घेतला. चेहरा खुलला.

“मोहाचं फूल,” ते म्हणाले. “ताजं आहे.”

बाईंना एकदम मागचं सगळं आठवायला लागलं. भाऊ शेगडीजवळ पेपर वाचत बसलेले असताना दूध करपून कोळसा झालं होतं. आंबलेलं वरण त्यांनी बोटं चाटून खाल्लं होतं. दारातून परत गेलेल्या त्या तांदळाच्या पुड्या. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

“कवापासून?” त्यांनी विचारलं.

भाऊंनी डोळे उघडले. फडकं पाहिलं आणि खाली मान घातली.

“कोरोनापासून. येईन परत, येईन परत म्हणलं. नाई आलं. कोणाले सांगू? माह्यापाशी दुसरं होतं काय?”

“माह्यापाशी सांगाचं ना.”

फोन केल्यावर आष्टीचा मिस्त्री मिथुन मोटारसायकलवर आला. ट्यूबची पट्टी दोन बोटांत धरून त्याने आधी भाऊंकडे आणि मग शेगडीकडे पाहिलं. “काकाजी, पेट्रोलनं रबर गळते. आन गरम इंजिनावर प्लास्टिक टांगते का कोणी?” त्याने ते सगळं काढून टाकलं. धातूचा फिल्टर लावला, तोही इंजिनापासून दूर, मागे टाकीजवळ. पेट्रोलचा नवा पाइप टाकला आणि दोन्ही टोकांना क्लिपा कसल्या. इंजिन पुसून कोरडं केलं, चालू करून पाहिलं. कुठे थेंब नव्हता.

तो गेल्यावर भाऊंनी खिशातून फोन काढला.

“कबूल केलं होतं. लच्छूले सांगू का, घेऊन जा म्हणून?”

बाई गाडीत चढल्या, पुढची सीट उचलली, वाकल्या, आणि अगदी भाऊंसारखा डोळे मिटून लांब श्वास घेतला. मग सीट खाली घातली, तिच्यावर ऐसपैस बसल्या आणि काडेपेटी आपल्याच कमरेला राहू दिली.

“लच्छूले सांगा, गाडी भेटत नाई,” त्या म्हणाल्या. “आता तुमाले इच्यात एकट्याले सोडून मी घरी कशी बसू?”