समोरची इमारत हलतेय

रस्त्यात खोदकामाचं यंत्र धडधडायला लागलं आणि समोरच्या इमारतीत राहणाऱ्या मावशीच्या भिंतीला तडा गेला. तिच्या जिवाला घोर लागला. आई इमारतींची कंपनं मोजणारी इंजिनिअर. तिने लेकीला हाताशी घेऊन आपल्या गच्चीवर कॅमेरा लावला आणि मावशीच्या इमारतीचा व्हिडिओ काढला. डोळ्यांना न दिसणारी हालचाल कॉम्प्युटरने शंभरपट करून दाखवली, तर काय, अख्खी इमारत नावेसारखी डुलत होती!

"ताई, मी पोरांना घेऊन तुझ्याकडेच येते गं!" फोनवर मावशी रडकुंडीला आली.

"विचारतेस काय? नीघ आधी!"

लेकीचं चित्त मात्र थाऱ्यावर नव्हतं. उठत-बसत तिने तोच व्हिडिओ दहा वेळा पाहिला आणि ती आईकडे धावली.

"आई, इमारतीच्या मागचा डोंगर बघ. तोपण तस्साच हलतोय! डोंगर कसा हलेल गं?"

आईचा चेहरा खर्रकन उतरला. हलत होता तो कॅमेरा. म्हणजे ही गच्ची. म्हणजे त्यांचीच इमारत.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली.



लेकीला दाराकडे पिटाळत आई म्हणाली, "मावशीला म्हणावं, बॅगा खाली ठेवूच नकोस. आम्हीच तुझ्याकडे राहायला येतोय."