शून्याच्या खाली

तिसऱ्याही माणसाचं रक्त शून्याच्या खाली गेलं, तेव्हा प्रयोगशाळेतलं हसणं थांबलं.

सुरुवात थट्टेनेच झाली होती. नव्याने रुजू झालेल्या संशोधक मुलीने पडताळणी म्हणून रुग्णांच्या नमुन्यांशेजारी स्वतःचंही रक्त लावलं होतं. यंत्राने तिच्या पेशींतल्या दाहाचा आकडा उणे दाखवला. "अगं, जिवंत आहेस ना तू?" म्हणत तंत्रज्ञाने तिची नाडी पाहिली. अंगाने काडीसारखा असल्यामुळे त्याला सगळे पैलवान म्हणत. मग पैलवानाने बाही वर केली. तोही उणे निघाला. चहाचं आमिष दाखवून कचेरीतल्या हिशेबनिसांना बोलावून आणलं. तेही उणे.

"यंत्राचं डोकं फिरलंय," पैलवान म्हणाला.

प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी आकड्यांचा कागद पुढे ओढला. शत्रू नसतानाही शरीराच्या रक्षक पेशी का पेटून उठतात आणि आपल्याच सांध्यांवर, मूत्रपिंडांवर का तुटून पडतात, या एका प्रश्नावर त्यांनी उभं आयुष्य वेचलं होतं. त्याच दुखण्याने त्यांची आई गेली होती. रुग्णाच्या रक्तातला दाह मोजायचा, तर शेजारी एक निरोगी रक्त ठेवावं लागतं. इथे ते रक्त पहिल्यापासून बाईंचं असे. पोरांना कशाला टोचायचं, म्हणून त्या स्वतःच हात पुढे करत. प्रयोगशाळा उघडली त्या वर्षी त्यांनी ते नीट तपासून घेतलं होतं. पुढे ते पुन्हा तपासायचं कुणाला सुचलं नाही. यंत्र त्यांच्या रक्ताला शून्य धरी आणि बाकीच्यांना त्यावरून मोजी.

द्रावणं नवी केली, नळ्या बदलल्या, तरी आकडे जागचे हलले नाहीत.

"मॅडम, म्हणजे तुमचं..." मुलगी म्हणू लागली.

"बोल ना," बाई म्हणाल्या. "वाक्य अर्धं सोडलं म्हणून निष्कर्ष बदलत नाही. ती माणसं खाली गेलेली नाहीत. शून्य वर चढलंय."

त्या आपल्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं. सकाळी बोटं आखडतात, ते वयाने. बरणीचं झाकण उघडत नाही, ते झाकणाच्या खोडीने. गेले कित्येक महिने त्या अशी समजूत घालत आल्या होत्या. रुग्णांच्या तोंडची हीच वाक्यं त्या रोज ऐकत, आणि एकावरही विश्वास ठेवत नसत. ज्या रोगाच्या मागावर जन्म घालवला, तो आपल्याच घरात बिऱ्हाड करून बसला होता. शेवटच्या दिवसांत आईच्या पायांवर बोट दाबलं की खळगा पडे आणि तसाच राही. बाईंनी पोटरीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा उशिरा भरला, की तसं नुसतं वाटलं, हे त्यांना ठरवता येईना. त्यांनी पुन्हा दाबून पाहिलं.

दारावर टकटक झाली. पैलवानाने डोकं आत घातलं. नजर मात्र जमिनीवर होती. "गोठवून ठेवलेल्या तुमच्या रक्ताच्या जुन्या कुप्या लावून पाहिल्या, मॅडम. आधीच्या शांत आहेत. गेल्या दोनेक वर्षांतल्या मात्र... पाणी आणू?"

त्यांनी मान हलवून नको म्हटलं. तो गेल्यावर त्यांनी फोन उचलला. या घटकेला त्यांना फक्त धाकट्या बहिणीचा आवाज हवा होता. भीतीने त्यांना इतकं वेढलं होतं, की त्या तासाभरात स्वतःखेरीज दुसरं कुणी त्यांना दिसलंच नव्हतं.

"बोल ताई. थांब हं, जरा पायरीवर टेकते." बहिणीला धाप लागली होती. "गुडघे नुसते म्हातारीसारखे कुरकुरतायत. तुझा आवाज असा का? रडतेयस की काय?"

"तू... तू डॉक्टरांकडे गेली होतीस ना?"

"गेले होते की. ते म्हणाले, आईला हेच होतं, सगळ्या तपासण्या करून घ्या. मी सांगितलं, मला नका घाबरवू, माझ्या बहिणीएवढं यातलं कुणाला कळत नाही." बहीण मनापासून हसली. "मागच्या वर्षी तूच नाही का माझं रक्त तपासलंस? काय म्हणाली होतीस, आठव. 'बरोब्बर शून्य! अगदी माझ्यासारखं!'"